डिप्लोमा + डायरेक्ट सेकंड इयर, सीजीपीए ७.२ : जर्मनीत मास्टर्ससाठी तयारी कोणत्या क्रमाने करावी?

नाशिककर_मेक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा (एमएसबीटीई, म्हणजे राज्याचं तंत्रशिक्षण मंडळ), मग डायरेक्ट सेकंड इयरला प्रवेश घेऊन पुणे विद्यापीठाची बी.ई. पूर्ण. सीजीपीए ७.२. शेवटच्या सत्राचा निकाल हातात आहे, प्रोव्हिजनल आहे, पदवी प्रमाणपत्र दीक्षान्त समारंभानंतर मिळेल. पुढच्या हिवाळी सत्रात जर्मनीत इंग्रजी माध्यमातून मास्टर्स करायचं आहे. जर्मन ए१ झालंय.

प्रश्न असे आहेत. एपीएस (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं जर्मन दूतावासाच्या केंद्राचं प्रमाणपत्र) आधी की विद्यापीठांचे अर्ज आधी? ७.२ चे जर्मन गुण किती होतात? एका ठिकाणी २.४ आले, दुसऱ्या ठिकाणी २.७, आणि आवडलेल्या दोन कोर्सेसना २.५ ची अट आहे. डिप्लोमाकडून आल्यामुळे काही अडतं का? आणि आमच्या कॉलेजचा एका जर्मन संस्थेशी करार आहे असं माहितीपुस्तिकेत छापलंय, त्याचा प्रवेशाला काही उपयोग होतो का? जाणकारांनी सविस्तर सांगावं.

---

राइनकाठ

एपीएस आधी, आणि ते आजच सुरू करा. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसाच्या अर्जासोबत हे प्रमाणपत्र सक्तीचं आहे. बरीच विद्यापीठं तर प्रवेशअर्जातच मागतात, त्यामुळे ते नसेल तर अर्ज अपूर्ण म्हणून बाजूला पडतो. शुल्क १८,००० रुपये. नोंदणी ऑनलाइन होते. त्यानंतर सही केलेला अर्ज, शुल्क भरल्याची पावती, पासपोर्टची प्रत आणि दहावीपासून पुढच्या सगळ्या गुणपत्रिका पाठवायच्या. तुमच्या बाबतीत बारावीच्या जागी डिप्लोमाच्या सहाही सत्रांच्या गुणपत्रिका आणि डिप्लोमा प्रमाणपत्र लावा. फक्त शेवटच्या सत्राची किंवा एकत्रित गुणपत्रिका लावली की कागद अपुरे म्हणून पत्र येतं, आणि तिथेच काही आठवडे जातात. प्रमाणपत्राला मुदत नसते, म्हणजे या वर्षी प्रवेश हुकला तरी पैसे वाया जात नाहीत. डीएएडी (शिष्यवृत्त्या देणारी जर्मन संस्था) सारख्या सरकारी शिष्यवृत्तीवर जाणाऱ्यांना सूट आहे, ती यादी एपीएसच्या पानावर आहे.

मराठी विद्यार्थ्यांना हमखास नडणारी गोष्ट म्हणजे नाव. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं नाव, आणि बहुतेकदा त्यालाच लागून आईचं नाव छापलेलं असतं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात असतं, आणि पहिल्या नावाच्या रकान्यात कधी तुमचं एकट्याचं नाव असतं, तर कधी वडिलांचंही. तिकडच्या कारकुनाला चार शब्दांची ही रांग पाहून आईचं नाव हाच तुमच्या नावाचा शेवट वाटू शकतो. म्हणून एपीएस, युनि-असिस्ट (अनेक विद्यापीठांच्या वतीने परदेशी अर्ज तपासणारी संस्था), आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच अडवून ठेवायचं खातं), विमा, सगळीकडे पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव टाका, वडिलांच्या नावासकट किंवा त्याशिवाय. आयईएलटीएसची नोंदणी आधारवरच्या नावाने आणि बाकी सगळं पासपोर्टच्या नावाने असं करू नका. नुसता क्रम वेगळा असेल तर काही बिघडत नाही. स्पेलिंग वेगळं असेल, म्हणजे दहावीच्या गुणपत्रिकेत एक ‘ए’ जास्त वगैरे, तर आत्ताच शपथपत्र करून प्रत्येक अर्जाला जोडा. पासपोर्टमध्ये आडनावाचा रकाना रिकामा असेल तर एपीएसच्या आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या, नंतर फार त्रास होतो.

एपीएस येईपर्यंत थांबायची गरज नाही, कोर्सची यादी समांतर करत राहा. डीएएडीच्या संकेतस्थळावर इंग्रजी माध्यमाचे कोर्सेस शोधता येतात. पण अंतिम शब्द त्या विभागाच्या स्वतःच्या पानाचा. हिवाळी सत्राची सर्वसाधारण मुदत १५ जुलै म्हणतात, ती धरून बसू नका. परदेशी विद्यार्थ्यांसाठी ३१ मे, ३१ मार्च आणि काही तांत्रिक विद्यापीठांत त्याहून आधीच्या तारखा असतात. युनि-असिस्टला कागद तपासायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. काही विद्यापीठं युनि-असिस्टकडून फक्त प्राथमिक तपासणीचा दाखला, म्हणजे व्हीपीडी, घेऊन या आणि अर्ज थेट आमच्याकडे करा असं सांगतात. अशा ठिकाणी मुदतीच्या दोन महिने आधी व्हीपीडीसाठी अर्ज गेला पाहिजे. शुल्क पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो. पैसे जमा झाल्याशिवाय ते कागद उघडत नाहीत, हे लक्षात ठेवा.

---

आकडेमोड

२.४ आणि २.७ दोन्ही बरोबर आहेत, फरक कशामुळे पडला ते सांगतो.

सूत्र एकच आहे, सुधारित बव्हेरियन सूत्र. शक्य तितक्या जास्तीत जास्त गुणांतून तुमचे गुण वजा करा. त्याला, जास्तीत जास्त गुणांतून उत्तीर्ण होण्याचे किमान गुण वजा करून जे येतं, त्याने भागा. आलेल्या संख्येला ३ ने गुणा आणि १ मिळवा. जर्मनीत १.० सर्वोत्तम, ४.० म्हणजे जेमतेम पास.

तुमचं गणित : १० वजा ७.२ म्हणजे २.८. किमान उत्तीर्ण ग्रेड पॉइंट ४ धरला तर २.८ भागिले ६, गुणिले ३, अधिक १, उत्तर २.४. किमान ५ धरला तर २.८ भागिले ५, गुणिले ३, अधिक १, उत्तर २.६८. एका आकड्याने तुम्ही २.५ च्या आत किंवा बाहेर जाता.

तर हा किमान आकडा कुणाच्या अंदाजावर सोडू नका. गुणपत्रिकेच्या मागे ग्रेडचा तक्ता छापलेला असतो. त्या बाजूचंही रंगीत स्कॅन करून त्याच पीडीएफमध्ये जोडा. लोक पुढची बाजू तेवढी स्कॅन करतात, आणि मग तपासणारा त्याच्या माहितीप्रमाणे आकडा धरतो. तक्ता अस्पष्ट असेल तर परीक्षा विभागाकडून ‘कमाल ग्रेड पॉइंट अमुक, उत्तीर्ण होण्यासाठी किमान ग्रेड पॉइंट तमुक’ असं एका ओळीचं पत्र शिक्क्यानिशी घ्या. कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र काही ठिकाणी चालतं, पण विद्यापीठाचं असेल तर वाद उरत नाही. आणि सीजीपीएचे टक्के करून टाकायच्या भानगडीत पडू नका. समजा रूपांतरात ६५ टक्के आले आणि पास ४० ला, तर तेच सूत्र २.७५ देतं. जिथे मूळ मोजमाप १० पैकी आहे तिथे १० पैकीच द्या. टक्केवारीचं प्रमाणपत्र कुणी मागितलं तरच.

आता डिप्लोमाचा मुद्दा, आणि तुमच्या प्रश्नात मला हाच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एजंट लोक याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. डिप्लोमाकडून आल्याने प्रवेश बंद होत नाही. १० + ३ + ३ म्हणजे एकूण १६ वर्षं होतात, ती बारावी करून बी.ई. करणाऱ्याइतकीच आहेत. अडतं ते क्रेडिटमध्ये. जर्मनीत एका वर्षाचे ६० ईसीटीएस (युरोपातलं क्रेडिटचं मोजमाप). आपली चार वर्षांची बी.ई. साधारण १६० क्रेडिटची, म्हणजे ढोबळमानाने एका क्रेडिटचे १.५ ईसीटीएस. तुमच्या ट्रान्सक्रिप्टवर पहिलं वर्षच नाही, त्यामुळे १८० च्या आसपास दिसणार. १८० मागणारे कोर्सेस तुम्हाला मोकळे आहेत, ते बहुधा चार सत्रांचे असतात. २१० मागणारे, म्हणजे विशेषतः होखशूलमधले (उपयोजित विज्ञानांच्या विद्यापीठांतले) तीन सत्रांचे मास्टर्स, तिथे अर्ज करण्याआधी विभागाला ईमेल करून विचारा की डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाचे क्रेडिट धरणार का. काही जण धरतात, काही ३० ईसीटीएस जास्तीचे विषय करण्याच्या अटीवर घेतात, काही सरळ नाही म्हणतात.

दुसरी अडचण विषयवार मोजणीची. मोठी तांत्रिक विद्यापीठं ‘गणित किमान इतके ईसीटीएस, यांत्रिकी इतके, उष्मागतिकी इतके’ असं मोजतात. एम-वन, एम-टू (गणिताचे पेपर) आणि इंजिनिअरिंग मेकॅनिक्स हे विषय आपल्याकडे पहिल्या वर्षाला. डायरेक्ट सेकंड इयरवाल्याच्या ट्रान्सक्रिप्टवर फक्त एम-थ्री दिसतं, आणि गणिताचा रकाना तिथेच कमी पडतो. उपाय असा की डिप्लोमातल्या गणित आणि अप्लाइड मेकॅनिक्सचा अभ्यासक्रम इंग्रजीत जोडा, तास आणि क्रेडिटसकट. डायरेक्ट सेकंड इयरचा प्रवेश शासनाच्या नियमाने झाला आणि पहिल्या वर्षातून सूट मिळाली असं कॉलेजचं पत्रही जोडा. मग ते धरायचं की नाही हे विभाग ठरवतो. पण पत्र नसेल तर पहिलं वर्ष तुम्ही केलंच नाही असा अर्थ निघतो.

अर्जासोबतची मॉड्यूलची माहितीपुस्तिका, म्हणजे विषयवार तपशील, करताना पूर्ण ३०० पानी अभ्यासक्रम चिकटवू नका. प्रत्येक विषयाचं नाव, क्रेडिट, एकूण तास आणि ५-६ ओळी मजकूर पुरतो. विषयाची नावं ट्रान्सक्रिप्टवर आहेत तशीच्या तशी ठेवा.

---

डेक्कन_ते_स्टुटगार्ट

वरच्या दोन्ही प्रतिसादांना अनुमोदन. कराराबद्दल लिहितो, कारण त्याबाबत फार गैरसमज आहेत.

माहितीपुस्तिकेत छापलेला बहुतेक सामंजस्य करार म्हणजे दोन संस्थांनी भविष्यात एकत्र काम करायची इच्छा कागदावर मांडलेली असते. त्याने पूर्ण पदवीच्या प्रवेशात कसलीही सवलत मिळत नाही. उपयोगाचा करार ओळखायचा असेल तर आंतरराष्ट्रीय संबंध विभागात जाऊन चार गोष्टी विचारा : कराराची मुदत कधी संपते, दर वर्षी किती जागा आहेत, तिकडची ट्यूशन फी माफ आहे का, आणि तिकडे केलेले क्रेडिट इथल्या गुणपत्रिकेवर चढतात का. चारही उत्तरं ठोस मिळाली तर तो खरा विद्यार्थी-अदलाबदलीचा करार. पण त्याचा फायदा शिकत असतानाच, एका-दोन सत्रांसाठी असतो. तुमची बी.ई. संपली आहे, त्यामुळे तुमच्यासाठी तो मार्ग बंद. इथे वाचणारे सेकंड किंवा थर्ड इयरचे विद्यार्थी असतील त्यांनी मात्र जरूर चौकशी करावी.

दोन्हीकडे मिळून शिकायचा एक रीतसर मार्ग युजीसीच्या २०२२ च्या नियमांनी खुला केला आहे. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेची आणि परदेशातले क्रेडिट जास्तीत जास्त ३० टक्के. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांकडून किमान ३० टक्के. नॅकच्या मूल्यांकनात किमान ३.०१ किंवा एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीतल्या विद्यापीठांच्या यादीत पहिल्या १०० मध्ये असलेली संस्था, जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या १००० मधल्या परदेशी संस्थेशी असा कोर्स युजीसीच्या वेगळ्या परवानगीशिवाय चालवू शकते. एखादं खासगी कॉलेज ‘जर्मन ड्युअल डिग्री’ची जाहिरात करत असेल तर या निकषांत ते बसतं का हे आधी पाहा.

राज्याराज्यांमधले करारही लोक चुकीचे वाचतात. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, महाराष्ट्राची बाडेन-वुर्टेम्बर्गशी २०१५ पासून भागीदारी आहे, २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाबाबतही करार झाला. म्हणून तिथे मराठी मुलांना फी माफ असेल असं वाटतं. प्रत्यक्षात बाडेन-वुर्टेम्बर्ग हे २०१७ च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून दर सत्राला १,५०० युरो घेतं. विद्यापीठांच्या अदलाबदल करारातून आलेल्यांना त्यातून सूट आहे, थेट प्रवेश घेणाऱ्यांना नाही. कार्ल्सरूह, स्टुटगार्ट, एस्लिंगेन, आलेन, उल्म हे सगळं याच राज्यात, आणि मेकॅनिकलवाल्यांची यादी नेमकी याच गावांनी भरलेली असते. चार सत्रांचे ६,००० युरो हिशेबात धरा. तरीही वाहन उद्योग दाराशी असल्यामुळे वर्किंग स्टुडंटच्या जागा आणि थीसिससाठी कंपन्या तिथे जास्त मिळतात, त्यामुळे फी आहे म्हणून यादीतून उडवू नका. म्युनिकचं तांत्रिक विद्यापीठ २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला दर सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो घेतं, ते मात्र कर्ज काढण्याआधी दोनदा विचार करण्यासारखं आहे.

---

नाशिककर_मेक

सगळ्यांचे मनापासून आभार. गुणपत्रिकेची मागची बाजू पाहिली, तक्ता आहे.

दोन गोष्टी राहिल्या. एका सल्लागाराचं म्हणणं की बर्लिनच्या खासगी विद्यापीठात आठवड्यात प्रवेश मिळतो, आयईएलटीएसही नको, २.५ चा प्रश्नच येत नाही. आणि पैशांचं : वडील शैक्षणिक कर्ज काढायला तयार आहेत, थोडे घरचे. ब्लॉक्ड अकाउंटला पैसे नेमके कधी आणि कसे पाठवायचे?

---

राइनकाठ

खासगीबद्दल थोडक्यात. एपीएस तिथेही लागतं, त्यातून सुटका नाही. संस्था राज्यमान्य आहे का ते आनाबिन या सरकारी यादीत पाहा, एच+ असा शेरा हवा. मान्यता असली तरी दुसरा प्रश्न उरतो : कोर्स प्रत्यक्ष वर्गात भरतो का? जर्मनीच्या निवास कायद्याच्या कलम १६बी खाली विद्यार्थ्याचा परवाना मिळतो तो पूर्णवेळ, प्रत्यक्ष हजेरीच्या शिक्षणासाठी. निम्माअधिक ऑनलाइन चालणाऱ्या कोर्ससाठी तुम्ही देशात असण्याची गरज काय, असं परदेशी नागरिक कार्यालय विचारतं आणि परवाना अडकतो, तोही फी भरून तिथे पोचल्यावर. प्रवेशपत्रावर ‘हायब्रिड’, ‘लवचीक’, ‘दूरस्थ’ असा शब्द दिसला तर आठवड्याला वर्गात किती तास हे लेखी घ्या. आणि आठवड्यात प्रवेश देणाऱ्या संस्थेकडून सल्लागाराला प्रत्येक विद्यार्थ्यामागे कमिशन मिळतं. सरकारी विद्यापीठाकडून काही मिळत नाही. सल्ला ऐकताना हे ध्यानात असू द्या.

आयईएलटीएस द्याच. ६.५ आले की बहुतेक दारं उघडतात.

---

पेठकर

आयईएलटीएसवर एवढे पैसे कशाला? कॉलेजकडून ‘शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालं’ असं पत्र घ्या, बऱ्याच होखशूल ते घेतात.

---

आकडेमोड

पेठकर, काही होखशूल घेतात हे खरं आहे. पण धागाकर्त्याची परिस्थिती पाहा. २.४ किंवा २.६८ गुण, १८० ईसीटीएस, गणिताचा रकाना अपुरा. अशा अर्जाला यादी जितकी रुंद ठेवता येईल तितकी ठेवायला हवी, आणि माध्यमाच्या पत्रावर ती निम्मी होते. शिवाय प्रवेश पत्रावर मिळाला तरी व्हिसाच्या वेळी इंग्रजीचा पुरावा विचारला जाऊ शकतो. परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो. पत्र घ्या, पण आयईएलटीएसच्या जोडीला.

---

हिशेबनीस

पैशांचं सांगतो. बँकेच्या काउंटरवर नेमक्या याच गोष्टी अडतात.

सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे महिना ९९२. व्हिसाच्या अर्जाच्या दिवशी जी रक्कम लागू असेल ती भरावी लागते, म्हणून खातं उघडण्याआधी वकिलातीच्या पानावर आकडा पडताळा. एक्सपॅट्रिओ, फिन्टिबा, कोराकल असे पुरवठादार आहेत, खातं पासपोर्टवर ऑनलाइन उघडतं. खातं उघडणं आणि त्यात पैसे टाकणं वेगळं. खातं प्रवेशअर्ज केल्यावर उघडून ठेवा, पैसे मात्र प्रवेशपत्र आल्यावरच पाठवा.

पाठवताना बँकेत फॉर्म ए२ भरायचा, उद्देश ‘परदेशी शिक्षण’, कोड एस०३०५. काउंटरवरचा माणूस कधी ‘कुटुंबाचा निर्वाह’ टाकतो. तो कोड पडला की टीसीएसचा (पैसे परदेशी पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) नियम बदलतो आणि जास्त रक्कम कापली जाते. सही करण्याआधी वाचा. पैसे ज्याच्या पॅनवर जातात, मर्यादा त्याची. एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीने १० लाखांपर्यंत पाठवलं तर टीसीएस नाही, त्याहून जास्त रकमेवर लागतो. ११,९०४ युरो आजच्या दराने १० लाखांच्या वर जातात, म्हणून काही भाग वडिलांच्या खात्यातून आणि काही आईच्या खात्यातून पाठवता येतो. दोन्ही वेळा तोच संदर्भ क्रमांक टाका, आणि पाठवणारे दोघं आहेत हे पुरवठादाराला आधी कळवा. कापलेला टीसीएस ज्याच्या पॅनवर आहे त्याला आयकर विवरणपत्रात वळता करता येतो. शैक्षणिक कर्जातून थेट गेलेल्या रकमेवर टीसीएस नाही. पण त्यासाठी कर्ज बँकेचं किंवा मान्यताप्राप्त वित्तसंस्थेचं, शैक्षणिक म्हणून मंजूर झालेलं हवं. पतसंस्थेचं कर्ज किंवा सोनेतारण काढून पाठवलेले पैसे त्यात धरले जात नाहीत.

संदर्भ क्रमांक सुटला तर पैसे तिकडे पोचतात पण कुणाच्या खात्यात टाकायचे ते कळत नाही, आणि शोधाशोधीत दोन आठवडे जातात. दुसरं, मधल्या बँका वाटेत शुल्क कापतात. फॉर्मवर सगळं शुल्क पाठवणाऱ्याकडे असा पर्याय निवडा आणि वर ३०-५० युरो जास्त घाला. खात्यात ११,८९० पोचले तर रक्कम अडवल्याचं प्रमाणपत्र निघत नाही, आणि तेवढ्या १४ युरोंसाठी दुसऱ्यांदा पाठवण्याचं शुल्क भरावं लागतं.

कर्जाबद्दल. सरकारी बँकांच्या नेहमीच्या योजनेत ७.५ लाखांवर तारण लागतं. शाखेत दोन ठिकाणी गाडी अडते. पहिलं, व्यवस्थापक प्रवेशपत्रात फीचा तक्ता शोधतो आणि जर्मन सरकारी विद्यापीठाच्या पत्रात फी नसतेच. तिथे सत्रशुल्काचं पान आणि ब्लॉक्ड अकाउंटची रक्कम सांगणारं वकिलातीचं पान छापून द्या, म्हणजे कर्ज राहण्याच्या खर्चावर मंजूर होतं. दुसरं, काही शाखा व्हिसा दाखवा मग पैसे सोडतो म्हणतात, आणि व्हिसा तर ब्लॉक्ड अकाउंट भरल्याशिवाय मिळत नाही. मंजुरीपत्रातच ‘व्हिसापूर्वी ब्लॉक्ड अकाउंटला वितरण’ हे वाक्य घालून घ्या. तारणाचे कागद असतील तर सातबारा किंवा घराची इंडेक्स टू, शोध अहवाल, मूल्यांकन यात महिना-दीड महिना जातो. म्हणून कर्जाचा अर्ज प्रवेशपत्राच्या आधीच तोंडी सुरू करून कागद तपासून ठेवा.

---

डेक्कन_ते_स्टुटगार्ट

व्हिसाबद्दल एवढंच. राष्ट्रीय व्हिसाचं शुल्क ७५ युरो. महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे येतात. नकार आला तर पूर्वी फेरविचाराचा अर्ज करता यायचा, ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद झाली. आता नव्याने अर्ज करायचा किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात जायचं. म्हणून पहिलाच अर्ज नीट हवा. प्रयोजनपत्रात ‘जर्मनी अभियांत्रिकीची पंढरी’ वगैरे नको. बी.ई.चा प्रकल्प काय होता, कोर्समधले कोणते तीन-चार विषय त्याला पुढे नेतात, डिप्लोमा ते बी.ई. ते मास्टर्स हा क्रम कसा आहे, परत आल्यावर किंवा तिथे कोणत्या प्रकारचं काम करायचं आहे, हे दीड पानात. मेकॅनिकल करून एकदम मॅनेजमेंटच्या कोर्सला जाणाऱ्यांना इथेच प्रश्न विचारले जातात.

विमा : ३० वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी विमा महिना साधारण १४०-१५० युरो. ९९२ मधून ते वजा करूनच महिन्याचा खर्च आखा. स्वस्त दिसतो म्हणून खासगी विमा घेऊन सरकारी विम्यातून सूट घेतली, तर शिक्षण संपेपर्यंत परत सरकारीत जाता येत नाही. उतरल्यापासून नोंदणीपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवासी विमा वेगळा लागतो.

खोलीसाठी स्टुडिएरेंडेनवेर्कच्या (विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणारी स्थानिक संस्था) वसतिगृहाचा अर्ज प्रवेशपत्र आलं त्याच दिवशी टाका, बहुतेक ठिकाणी रांग मोठी असते. खासगी खोलीची अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं मूळ भाडं. खोली न पाहता किल्ली कुरिअरने पाठवतो म्हणणाऱ्याला एक पैसाही पाठवू नका. घरमालकाकडून राहत असल्याचा दाखला मिळणार का हे आधी विचारा, कारण त्याशिवाय शहरात पत्त्याची नोंदणी होत नाही. ती दोन आठवड्यांत करायची असते, आणि पुढची बरीच कामं तिच्यावर अडतात.

कामाची मुभा मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस. पहिलं सत्र या कमाईवर अवलंबून आखू नका.

---

गोदातीर

शिष्यवृत्तीचा उल्लेख कुणी केला नाही म्हणून. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, ७५ जागा. क्यूएस या जागतिक क्रमवारीतल्या पहिल्या २०० विद्यापीठांतच प्रवेश हवा, आणि इथेच लोक चुकतात : होखशूल या क्रमवारीत नसतात, त्यामुळे तिथला प्रवेश कितीही चांगला असला तरी चालत नाही. म्युनिक, आखेन, कार्ल्सरूह, बर्लिन अशांपैकी निदान दोन अर्ज यादीत ठेवा. प्रवेशपत्र विनाअट हवं, ‘जर्मन बी१ झाल्यावर’ असली अट असलेलं बाद होतं. इतर मागासवर्ग आणि मराठा समाजातल्या विद्यार्थ्यांसाठीही राज्याच्या स्वतंत्र योजना आहेत. जाहिरात त्या त्या विभागाच्या पानावर येते आणि अर्जाची खिडकी काही आठवड्यांचीच असते. उत्पन्नाचा चालू वर्षाचा दाखला, जात प्रमाणपत्र आणि जातवैधता आधीच काढून ठेवा.

डीएएडीची ईपॉस ही विकासविषयक कोर्सेसची शिष्यवृत्ती दोन वर्षांच्या नोकरीच्या अनुभवानंतरच, आणि शेवटची पदवी सहा वर्षांपेक्षा जुनी नको. युरोपीय संघाच्या इरास्मुस मुंडुस संयुक्त मास्टर्सला महिना १,४०० युरो मिळतात आणि अनुभवाची सरसकट अट नाही. पण बहुतेक कोर्सेसचे अर्ज ऑक्टोबर ते जानेवारी या काळात संपतात, म्हणजे युनि-असिस्टच्या बऱ्याच आधी.

---

नाशिककर_मेक

कळलं. या आठवड्यात परीक्षा विभागाचं पत्र आणि एपीएसचे कागद. आईचं नाव पासपोर्टवर नाही पण सगळ्या गुणपत्रिकांवर आहे, आणि डिप्लोमाच्या एका गुणपत्रिकेत आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी आहे. एमएसबीटीईकडून ती दुरुस्त करून घेऊ की शपथपत्र पुरेल?

---

राइनकाठ

आईच्या नावासाठी काहीच करावं लागत नाही. स्पेलिंगसाठी दोन्ही करा : दुरुस्तीचा अर्ज आज मंडळाकडे द्या आणि त्याची पोच जपून ठेवा. दुरुस्त प्रत येण्यासाठी एपीएस थांबवू नका, शपथपत्र आणि पोचेची प्रत जोडून पाठवा. प्रवेशानंतर नावनोंदणीच्या वेळी मूळ कागद दाखवावे लागतात, तोवर दुरुस्त गुणपत्रिका हातात असेल.